फितूर साक्षीदार

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रात ‘अमुक सालची दहावीची बॅच’ नावाचा एक समाज जागा होतो. आधी व्हॉट्सॲपवर ग्रुप, मग त्यावर सुप्रभात, मग वर्गणी, मग हॉल आणि शेवटी एका रविवारी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त शिक्षकांचा सत्कार. या समारंभातली भाषणं लक्ष देऊन ऐकण्यासारखी असतात. ज्या सरांनी वर्गात कधी आवाज चढवला नाही, त्यांच्या वाट्याला ‘फार साधे होते’ एवढं एक वाक्य येतं. ज्या बाई गोष्टी सांगत, त्यांना ‘प्रेमळ’ म्हणून मोकळं केलं जातं. पण ज्यांची चाहूल लागताच अख्खा वर्ग श्वास रोखून बसायचा, ते सर व्यासपीठावर आले की सभागृह उभं राहतं. पन्नाशी ओलांडलेला एखादा बँक मॅनेजर माईक हातात घेऊन, डोळे पुसत सांगतो, “सरांनी मला फोडून काढलं, म्हणून मी आज इथे आहे.” इथे म्हणजे पुरीभाजीच्या रांगेत, पण ते असो. याच गृहस्थांची साक्ष ते आठवीत असताना काढली असती, तर ती नेमकी उलट आली असती. तेव्हा त्यांना गोष्टी सांगणाऱ्या बाई आवडायच्या, आणि फोडून काढणाऱ्या सरांची दूर कुठे तरी बदली व्हावी म्हणून त्यांनी मारुतीला नारळही कबूल केला असता.

म्हणजे एकाच अनुभवाबद्दल एकच माणूस दोन वेळा दोन जबान्या देतो, आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून. वयानं शहाणपण येतं, तेव्हा दुसरी जबानी खरी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. माझं म्हणणं असं, की दोन्ही खोट्या आहेत. शिकत असताना माणूस गुण देतो ते आपल्याला किती सुखाचं गेलं याला, आणि तीस वर्षांनंतर देतो ते आपण त्यातून कसे निभावलो याला. प्रत्यक्ष काय शिकलो याला गुण द्यायचे दोन्ही वेळा राहूनच जातात. स्वतःच्या शिक्षणाचा हा एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असा जन्मजात फितूर आहे, आणि आपण घराघरातले, शाळांमधले, कधी कधी तर सरकारातले निर्णयही त्याच्याच भरवशावर घेत असतो.

आधी पहिली जबानी तपासू. ‘छान शिकवतात’ या दोन शब्दांवर आपल्याकडे केवढा व्यवसाय उभा आहे, हे कुठल्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोरच्या फ्लेक्सवरून कळतं. क्लासचा पहिला तास फुकट असतो. त्याला डेमो म्हणतात. डेमोत सर विनोद करतात, फळ्यावर तीन रंगांत लिहितात, ‘कन्सेप्ट क्लिअर झाली का?’ असं विचारतात आणि दीडशे मुलं एका सुरात ‘हो’ म्हणतात. झाली की नाही हे मुलांना त्याच क्षणी कळतं, असं इथे गृहीत धरलेलं असतं. अमेरिकेत १९७०च्या सुमारास तिघा संशोधकांनी या गृहीतकाची चांगली फजिती केली. त्यांनी एका भारदस्त दिसणाऱ्या नटाला ‘डॉक्टर मायरन फॉक्स’ हे नाव दिलं, आणि गणितातली ‘गेम थिअरी’ डॉक्टरांच्या शिक्षणाला कशी लावावी, असा ऐकूनच घाम फुटेल असा विषय दिला. भाषणात अर्थ नसेल याची खबरदारी घ्यायची, परस्परविरोधी विधानं करायची, नवे शब्द जागच्या जागी घडवायचे, आणि मध्ये मध्ये हशा पिकवायचा, अशी तालीम झाली. श्रोते शेंबडी पोरं नव्हती. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी मंडळी होती. बहुतेकांनी अभिप्राय उत्तम दिले. एकानं तर डॉक्टर फॉक्स यांचं लेखन आपण पूर्वी वाचलेलं आहे असंही कळवलं. १९७३ मध्ये हा प्रयोग छापून आला. आपल्याकडे तो करायची गरजच पडली नसती. आपल्याकडे निवडणुका होतात.

कुणी म्हणेल, ही तर तासाभराची फसगत झाली. रोजच्या अभ्यासात माणूस स्वतःला कशाला फसवेल? पण तिथे तर तो जास्तच फसतो, आणि तेसुद्धा नटाच्या मदतीशिवाय. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं चारही बैठकांत तो नुसता वाचला. दुसऱ्यानं एका बैठकीत वाचला आणि पुढच्या तिन्हींत कागद बाजूला सारून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्या लक्षात चांगलं राहील, अशी खात्री मात्र ४० टक्केवाल्यांनाच जास्त होती. आपल्या घरांत रोज संध्याकाळी हाच प्रयोग चालतो. स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, ‘झालं का वाचून?’ उत्तर येतं, ‘झालं.’ दोघांचाही प्रामाणिकपणा वादातीत आहे. पुस्तक पिवळ्या हायलायटरनं हळदीला बसल्यासारखं झालेलं असतं, ओळ न् ओळ ओळखीची वाटत असते, आणि ओळखीचा चेहरा दिसला म्हणजे नाव आठवलंच, असं समजून मूल झोपी जातं. नाव आठवत नाही हे दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या हॉलमध्ये कळतं, आणि मग पेपर ‘सिलॅबसबाहेरचा’ ठरतो.

हार्वर्डसारख्या ठिकाणी तरी मुलांना स्वतःच्या शिकण्याचा अंदाज येत असेल, असं वाटणं साहजिक आहे. तिथे २०१९ साली भौतिकशास्त्राच्या वर्गात हाच प्रश्न तपासला गेला. काही मुलांना गुळगुळीत, अस्खलित व्याख्यान मिळालं; काहींना तोच मजकूर आपापसात डोकं खाजवत, गणितं सोडवत शिकावा लागला. नंतर चाचणी झाली. डोकं खाजवणाऱ्यांना गुण जास्त मिळाले, आणि आपण कमी शिकलो असंही त्यांनाच वाटलं. यातली मेख अशी, की शिकणं चालू असताना ते अडखळल्यासारखंच वाटतं. अडखळणं म्हणजे आपला ढ-पणा, किंवा शिकवणाऱ्याचा नालायकपणा, असा आपण अर्थ लावतो. दोन्हींपैकी दुसरा अर्थ मनाला अधिक आवडतो, हे सांगायला नको.

इथपर्यंत वाचून सत्कार समारंभातले गृहस्थ खूश झाले असतील. ‘तेच तर आम्ही म्हणतो! त्रास झाला म्हणूनच आम्ही शिकलो. हल्लीच्या मुलांना काही सोसत नाही.’ त्यांना थोडं थांबवून त्यांचीही उलटतपासणी घ्यायला हवी. पोहण्याचंच घ्या. पाठीला डबा बांधून, आणि काही ठिकाणी तोही न बांधता, पोरांना विहिरीत ढकलून देणं ही आपल्या गावोगावची मान्यताप्राप्त पद्धत. नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेल्या ‘श्यामची आई’तही भित्र्या श्यामला विहिरीवर पाठवण्यासाठी आईला हात उचलावा लागतो. असं शिकलेला प्रत्येक जण सांगतो, की ढकललं म्हणूनच पोहता आलं. या पद्धतीविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही, कारण तक्रार करण्यासाठी आधी वर यावं लागतं. जे वर आले पण पुन्हा कधी पाण्यात उतरले नाहीत, ते या विषयावर बोलत नाहीत. सहलीला गेले की चपला सांभाळत काठावर बसतात. महर्षी कर्व्यांचं उदाहरणही असंच वापरलं जातं. कोकणातल्या मुरुडचा हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी घाट ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेला, आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. प्रत्येक प्रेरणादायी भाषणात ही पायपीट येते, जणू तिच्यामुळेच पुढचे कर्वे घडले. पायपीट करून परत गेलेली आणि गावीच राहिलेली मुलंही असणारच. पण चरित्रं त्यांची लिहिली जात नाहीत.

मारानं सुधारणा होते, असं प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणारेही भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञाला इस्रायली हवाई दलात असेच एक अनुभवी प्रशिक्षक भेटले होते. त्यांचं म्हणणं, उत्तम उड्डाण केलेल्या पोराची स्तुती केली की पुढच्या वेळी ते हमखास बिघडतं, आणि वाईट केलेल्याला झापलं की हमखास सुधारतं. तेव्हा कौतुकाचं शास्त्र आम्हाला सांगू नका. कानेमाननं जमिनीवर एक खूण केली आणि सगळ्या प्रशिक्षकांना तिच्याकडे पाठ करून दोन दोन नाणी फेकायला लावली. पहिलं नाणं अगदी जवळ पडलेल्यांचं दुसरं बहुधा लांब पडलं, आणि लांब पडलेल्यांचं जवळ. नाण्यांची ना कुणी स्तुती केली होती, ना कुणी त्यांना झापलं होतं. माणसाचा एखादा दिवस फारच वाईट गेला की दुसरा त्याहून बरा जाण्याचीच शक्यता जास्त असते. आता छडी बसते ती फारच वाईट दिवशी. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या सुधारणेचं श्रेय तिला फुकट मिळतं. कौतुक होतं ते फारच चांगल्या दिवशी, आणि पुढच्या दिवसाचं खापर त्याच्यावर फुटतं. छडीचा एवढा दबदबा शतकानुशतकं टिकला तो विद्येच्या जोरावर नव्हे, सरासरीच्या जोरावर.

तरीही जुन्या पिढीचा एक मुद्दा असा आहे, की त्याला उडवून लावता येत नाही. आजोबांना खरोखर पाढे येत होते. नुसते तीसपर्यंत नव्हेत. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि सोळा आण्यांचा हिशेब मोडीत निघाला, तेव्हा ही विद्या हळूहळू बेकार होत गेली. पण आजोबांना त्यानंतरही झोपेतून उठवून ‘सतरा दीडे?’ विचारलं तर उत्तर यायचं. हा पुरावा भक्कम आहे. प्रश्न एवढाच, की श्रेय कुणाचं? आजोबा सांगतात, पंतोजींच्या छडीचं. पण त्याच आजोबांना विचारा, संध्याकाळी काय करायचात? दिवेलागणीला शुभंकरोती आणि त्यामागून परवचा. रोज, पुस्तक न उघडता, मोठ्यानं, घरातल्या सगळ्यांच्या देखत. म्हणजे रोडिगर आणि कार्पिकी यांचा प्रयोग आपल्या ओसरीवर त्यांच्या जन्माआधीपासून चालू होता, आणि तोसुद्धा आठवड्यानं नव्हे, वर्षानुवर्षं. पाढे टिकवले ते परवचानं. सत्कार मात्र छडीचा झाला. याचं कारणही उघड आहे. परवचा रोजचा होता, म्हणून त्याची आठवण राहिली नाही. छडी कधीमधी बसली, म्हणून ती अजून ठणकते. स्मरणशक्तीला प्रसंग लक्षात ठेवता येतात, सवयी नाहीत. आणि शिकणं जवळजवळ सगळं सवयींतच होतं.

या फितूर साक्षीचे परिणाम घरापुरते राहत नाहीत. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात जो गदारोळ उडाला तो आठवून पाहावा. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या, की जोडाक्षरांची संख्यानावं लहान मुलांना जड जातात. बाजू बरोबर की चूक, हा स्वतंत्र प्रश्न आहे. गंमत पुराव्याची होती. विधानसभेपासून वडापावच्या गाडीपर्यंत प्रत्येकाचा पुरावा एकच, ‘आम्ही नाही का शिकलो?’ आजच्या दुसरीतल्या मुलाला ‘एकोणसाठ’ ऐकून नेमकं काय लिहावंसं वाटतं, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही. प्रत्येकानं आपल्या आतल्या साक्षीदाराला उभं केलं, आणि तो नेहमीप्रमाणे मालकाच्या बाजूनं बोलला.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. गोडीवर भरवसा नाही, कडूपणावरही नाही. मग शिकणाऱ्याच्या भावनेला काही किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे, फक्त ती वेगळ्या खात्यात जमा करायला हवी. इथे थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवून आनंदीबाई जोशींची आठवण काढली पाहिजे. नवऱ्यानं, गोपाळरावांनी, त्यांना शिकवलं ते हट्टानं, आणि मारझोड करून. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. निकालावरून साक्ष द्यायची तर त्यांनी नवऱ्याचा जाहीर सत्कारच करायला हवा होता. त्यांनी अमेरिकेतून पत्रात त्या माराची एकेक आठवण नोंदवली, आणि ती वागणूक चांगली की वाईट हे ठरवणं अवघड आहे, असं लिहिलं. अंतिम हेतूच्या दृष्टीनं ती योग्य ठरली असेल, पण लहान मुलीच्या मनावर जे होऊ शकतं त्या दृष्टीनं ती चूकच होती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. विशीही पुरती न ओलांडलेल्या या मुलीनं जे केलं, ते सत्तरीच्या माजी विद्यार्थ्यांनाही साधत नाही. तिनं दोन हिशेब वेगळे ठेवले. काय हाती आलं हा एक, आणि त्याची किंमत कुणी, कशी वसूल केली हा दुसरा. पहिल्यातली जमा दाखवून दुसऱ्यातली रक्कम माफ करून घेणं तिनं नाकारलं.

भावनेचं खरं काम इथे दिसतं. आपण किती शिकलो हे भावना सांगू शकत नाही, पण त्या विषयाकडे आपण पुन्हा फिरकणार की नाही, हे तीच ठरवते. दहावीचा भूमितीचा पेपर देऊन बाहेर पडताना कंपासपेटी हवेत उडवणारी मुलं गणितात पास झालेली असू शकतात. पण गणित त्यांच्या आयुष्यातून तिथेच हद्दपार झालेलं असतं. पुढे गृहकर्जाच्या कागदावर सही करताना व्याज कसं आकारलं आहे हे ती विचारत नाहीत, आणि बँकेच्या फायद्यात असलेली ही लाजाळू वृत्ती त्यांना सातवीत कुणीतरी मोफत शिकवलेली असते. शिकवण्याच्या वाईट पद्धतीचा सगळ्यात मोठा तोटा गुणपत्रिकेत सापडत नाही, तो न उघडलेल्या पुस्तकांत सापडतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येईल. अडखळूनच शिकणं होतं असं म्हटलं, की प्रत्येक खडूस माणूस स्वतःला शिक्षणतज्ज्ञ समजू लागेल. ही भीती रास्त आहे, म्हणून फरक स्पष्ट करायला हवा. अडचण विषयात असली पाहिजे, माणसात नव्हे. पुस्तक मिटून बेचाळीस कुठल्या कुठल्या पाढ्यात येतात ते आठवणं ही पाढ्यातली अडचण आहे. तिच्याशी झुंजलं की पाढे येतात. पट्टी बोटांच्या सांध्यांवर बसेल ही सरांच्या स्वभावातली अडचण आहे. तिच्याशी झुंजलं की सरांचा स्वभाव कळतो. त्या ज्ञानाचा उपयोगही होतो, नाही असं नाही. पुढे नोकरीत साहेबाचा मूड ओळखायला ते कामी येतं. पण त्याला गणित म्हणू नये. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली, तेव्हा विषयातली अडचण काढून घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं. आपण मात्र दोन्ही एकदम काढून टाकल्या, आणि ‘सोपं करून सांगतो’ असं म्हणत उत्तरंच हातात ठेवणारे अपेक्षित प्रश्नसंच जवळ केले.

मग अनुभव चांगला की वाईट हे ठरवायचं तरी कसं? हर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थानं १८८५ मध्ये त्याची एक साधी रीत दाखवून ठेवली आहे. त्यानं निरर्थक अक्षरसमूह पाठ केले (आपण सार्थ पुस्तकं निरर्थक करून पाठ केली, एवढाच फरक), आणि विसरल्यावर तेच पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो, हे मोजलं. ‘मला किती आठवतंय असं वाटतं’ हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. त्यानं घड्याळाला विचारलं. साहित्याची गोडी लावणाऱ्या बाईंचं मोजमाप घड्याळानं होणार नाही, हे खरं. पण त्याचीही खूण असतेच. गेल्या वर्षभरात परीक्षा नसताना, कुणी सांगितलेलं नसताना आपण काय वाचलं, हे पाहावं. ती यादी रिकामी असेल तर बाई छान होत्या, एवढंच सिद्ध होतं.

हा नियम लावायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे आपली प्रशिक्षणं. शिक्षकांची असोत, बँकेची असोत वा झेडपीची, शेवटच्या दिवशी जेवणानंतर अभिप्रायाचा फॉर्म फिरतो, आणि त्यावर एकाचं पाहून दुसरा लिहितो, ‘प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त वाटले. भोजनव्यवस्था उत्तम.’ यातलं दुसरं वाक्य पुराव्यावर आधारलेलं असतं, आणि तेवढं ग्राह्य धरायला हरकत नाही. पहिल्यासाठी फॉर्म वर्षभरानं पाठवावा आणि त्यात ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न ठेवूच नये. जे शिकवलं ते करून दाखवा, एवढीच सूचना असावी. फॉर्म फारच थोडे परत येतील, आणि पुढच्या वर्षीची निविदा काढताना साहेबांची पंचाईत होईल. पण आपण नेमकं काय शिकलो याचा हिशेब तेवढ्या मूठभर कागदांवरच मिळेल. बाकीच्यांनी तो जेवणाच्या बिलात पाहावा.